सीताबर्डीचा लिलाव

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. पावसाळ्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील बांध्या पाण्याने भरल्या, म्हणजे चिखलणी आणि रोवणी यांची एकच धांदल उडते. पूर्वी या चिखलात बैलांच्या व हल्यांच्या जोड्या दिवसभर राबत असत. आता बहुतेक बांध्यांतून ट्रॅक्टर फिरताना दिसतो. तरीही बैलजोडीचा मान येथील माणसांच्या मनातून गेलेला नाही. हिवाळ्यात गावोगाव शंकरपट भरतात. वाऱ्याच्या वेगाने धावणाऱ्या जोड्या पाहण्यास पंचक्रोशीतील माणसे लोटतात. न्यायालयाच्या आदेशाने २०१४ साली हे पट बंद पडले होते; पुढे २०२१ च्या अखेरीस अटींवर परवानगी मिळाली आणि ते पुन्हा भरू लागले. पटावर आलेला म्हातारा शेतकरी जोडीकडे नुसते पाहून तिची किंमत सांगतो. शिंगांची ठेवण, खांद्याची रुंदी, खुरांचा घट्टपणा एवढे पाहिले, की त्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

एखाद्या वस्तूची किंमत जाणत्याने सांगणे निराळे आणि ती बाजारात येणे निराळे. किंमत उघडपणे, चारचौघांसमक्ष ठरविण्याची एक जुनी रीत आहे. तीस आपण लिलाव म्हणतो. हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या बरोबरीने 'हर्रास' हा शब्दही मराठीत जुना असून विदर्भात तो आजही कानी पडतो. लिलावात वस्तू मध्ये ठेवतात, घेणारे भोवती जमतात, एक जण किंमत बोलतो, दुसरा ती चढवितो. एक वार, दोन वार, तीन वार असा पुकारा होतो आणि शेवटचा सवाल ज्याचा असेल, त्यास वस्तू मिळते. बाजार समितीतील धान असो, तलावातील मासळीचा ठेका असो, की कर्ज थकल्यामुळे जप्त केलेला ट्रॅक्टर असो, रीत थोड्याफार फरकाने हीच.

अलीकडे जुन्या मोटारींच्या आणि ट्रॅक्टरांच्या लिलावांच्या वार्ता वरचेवर वाचावयास मिळतात. एखाद्या हौशी माणसाने आयुष्यभर गोळा केलेली, घासूनपुसून जपलेली वाहने त्याच्या पश्चात किंवा त्याच्या हयातीतच एकामागून एक विकली जातात. अशा लिलावाची तयारी पुष्कळ आधी सुरू होते. प्रत्येक वाहनाची माहिती लिहिलेली यादी छापतात. ते कोणत्या साली बनले, कोणाकोणाच्या हातांतून गेले, कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर बसविलेला, हे सारे त्या यादीत असते. घेणाऱ्यांस माल पाहण्यासाठी काही दिवस देतात. शिवाय मालकाने एक राखीव किंमत ठरविलेली असते. बोली तिच्याखाली राहिली, तर वस्तू विकली जात नाही. २०२२ च्या मे महिन्यात जर्मनीतील श्टुटगार्ट येथे मर्सिडीज कारखान्याने १९५५ साली बनविलेली आपली एक मोटार अशाच रीतीने विकली. त्या नमुन्याच्या अवघ्या दोनच मोटारी जगात होत्या. निवडक लोकांस बोलावून झालेल्या त्या लिलावात तिला १३ कोटी ५० लाख युरो मिळाले. मोटारीस इतकी किंमत त्यापूर्वी कधीच आली नव्हती. भारतातही २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींची व दुचाकींची निराळी नोंदणी होते व त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. जुने वाहन हे केवळ मोडीचे लोखंड नसते, ही गोष्ट कायद्यानेही मान्य केली आहे.

अशा लिलावात किंमत चढते, याचे कारण मालक राजीखुशीने विकत असतो आणि त्यास घाई नसते. मालकाची संमती नसेल, विकणाऱ्यास माल फक्त हातावेगळा करावयाचा असेल, तर काय होते? याचे एक उदाहरण नागपूरच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्या काळी मोटारीचे काम हत्ती-घोडे करीत आणि ट्रॅक्टरचे काम बैल करीत. लिलावास निघालेला संग्रह होता तो नागपूरकर भोसले यांच्या राजवाड्यातील.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून निराळा झाला. इंग्रजी अमलापूर्वी हा सारा मुलूख भोसल्यांचा होता. धानाची शेते, कोहळी लोकांनी बांधलेले नवेगावसारखे मोठमोठे तलाव, कामठ्यासारखी जमीनदारी, या सर्वांचा सारा नागपूरच्या खजिन्यात जमा होई. पहिले रघुजी भोसले यांनी अठराव्या शतकात हे राज्य उभारले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांस 'सेनासाहेब सुभा' हा किताब दिला होता. त्यांच्या फौजा बंगालपर्यंत जाऊन धडकल्या. पुढे दिवस पालटले. १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यात सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली. तीत अप्पासाहेब भोसले यांच्या पक्षाचा पराभव झाला आणि लवकरच अप्पासाहेबांस गादीवरून दूर करण्यात आले. दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा दत्तक घेऊन त्यास तिसरे रघुजी या नावाने गादीवर बसविले गेले. राजा लहान होता. वाड्याचा कारभार दुसऱ्या रघुजींच्या विधवा राणी बांकाबाई पाहत, आणि राज्याचा कारभार प्रथम इंग्रज रेसिडेंट पाहत असे.

हे तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी मरण पावले. त्यांस मुलगा नव्हता. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. त्यांचे अंत्यसंस्कार नात्यातील यशवंतराव अहेर या तरुणाने केले आणि राणीवशाने त्यास दत्तक मानून जानोजी हे नाव दिले. परंतु त्या वेळी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी होते. औरस वारस नसलेले संस्थान दत्तकाकडे जाऊ न देता कंपनी सरकारच्या राज्यात सामील करावयाचे, हे त्यांचे धोरण होते. साताऱ्याचे राज्य त्यांनी त्याच धोरणाने खालसा केले होते. नागपुरातील रेसिडेंट मॅन्सेल यांनी राज्य एकदम खालसा करू नये, असा सल्ला दिला. गव्हर्नर जनरलच्या मंडळातील कर्नल लो यांनीही विरोधी टिपण लिहिले. या दोघाही इंग्रजांचे म्हणणे बाजूस ठेवण्यात आले. २८ जानेवारी १८५४ रोजी डलहौसींनी आपले मत लेखी नमूद केले आणि मार्च महिन्यात सुमारे ७६,००० चौरस मैलांचे, चाळीस लाखांहून अधिक वस्तीचे राज्य कंपनीच्या नकाशात मिळविण्यात आले. जो राजा स्वतःच दत्तकाच्या मार्गाने गादीवर आला होता, त्याच्या मागे दत्तक मात्र चालला नाही!

राज्य गेले म्हणजे काय काय गेले, हा प्रश्न आता उभा राहिला. मुलूख, किल्ले, तोफा, खजिना ही राज्याची मालमत्ता, याविषयी वाद होण्याचे कारण नव्हते. पण राजवाड्यात याखेरीज पुष्कळ काही असते. मराठी राज्यांत अठरा कारखान्यांची पद्धत शिवकालापासून चालत आलेली होती. हत्तींचा पीलखाना, उंटांचा उष्ट्रखाना, कपड्यांचा व मौल्यवान जिनसांचा जामदारखाना, तंबू-कनातींचा फरासखाना, अशी त्यांची वाटणी असे. घोड्यांची पागा निराळी. नागपूरचे राज्य मोठे, त्यामुळे तेथील बारदानही मोठे होते. हत्ती मिरवणुकीत अंबारी वाहत. सांडणीस्वार जरुरीचे खलिते घेऊन धावत. बैल गाड्या ओढीत, रथास जुंपले जात आणि सामानसुमान वाहत. नागपुरास आगगाडी आली ती १८६७ साली. तोवर माणसाचे व मालाचे सारे जाणे-येणे याच जनावरांच्या पाठीवर व मानेवर चालत होते.

या जनावरांचा, या सामानाचा आणि जवाहिराचा मालक कोण? मराठी राज्यकर्त्यांस हा भेद अपरिचित नव्हता. इंदूरच्या होळकरांकडे अहिल्याबाईंच्या काळी 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन निरनिराळे हिशेब होते. दौलतीचा पैसा राज्याच्या कामी लागे. खासगीचा पैसा राजघराण्याचा. आज आपण सरकारी नसलेल्या प्रत्येक गोष्टीस खासगी म्हणतो. त्या शब्दाला मराठी कारभारात असा नेमका अर्थ होता. भोसले घराण्यातील राण्यांचे म्हणणे या भेदावरच उभे होते. राज्य सरकारने घेतले, तरी सासरी-माहेरी मिळालेले दागिने, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले जवाहीर, वाड्यातील सामान आणि दारची जनावरे ही घराण्याची आहेत, असे त्यांस वाटे. कंपनी सरकार निराळा विचार करीत होते. हे सारे राज्याच्या उत्पन्नातूनच घेतले गेले, तेव्हा राज्याबरोबर त्याचाही ताबा सरकारकडे आला, अशी त्याची भूमिका होती. मात्र सरकारने एक गोष्ट मान्य केली. राण्यांच्या दर्जास शोभेल इतके जवाहीर व सामान त्यांच्याकडे ठेवावे, उरलेले विकावे आणि आलेल्या रकमेचा 'भोसला फंड' करून तो घराण्याच्याच उपयोगास लावावा, असे ठरले. कागदावर ही व्यवस्था उदार दिसते. पण ज्याच्या हितासाठी विक्री करावयाची, त्याच्याच इच्छेविरुद्ध ती होणार होती, आणि कोणती वस्तू किती किमतीस द्यावी, हे ठरविण्यात त्याचा काहीच हात नव्हता.

राज्य खालसा झाले त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्याच्या ४ तारखेस सीताबर्डी येथे जनावरांची विक्री सुरू झाली. सीताबर्डी म्हणजे रेसिडेंटचे ठाणे. सदतीस वर्षांपूर्वी जेथे भोसल्यांची फौज हरली होती, तेथेच आता त्यांचे हत्ती, उंट, घोडे आणि बैल ओळीने उभे करण्यात आले. भोवती गुरांचे व्यापारी जमले. १८५७ च्या उठावाचा विस्तृत इतिहास लिहिणारे इंग्रज ग्रंथकार जॉन के यांनी या विक्रीची हकीकत दिली आहे. ते कंपनीच्याच बाजूचे, त्यामुळे त्यांची साक्ष अधिक मोलाची. पाचशे ते सहाशे जनावरे मिळून विक्रीची एकंदर रक्कम अवघी तेराशे पौंड झाली, असे ते सांगतात. त्या काळी पौंडास सुमारे दहा रुपये पडत, म्हणजे ही रक्कम तेरा हजार रुपयांच्या आसपास होते.

हा हिशेब मुद्दाम करून पाहण्यासारखा आहे. तेरा हजार रुपये पाचशे जनावरांत वाटले, तर एका जनावरामागे सव्वीस रुपये येतात. सहाशेंत वाटले, तर बावीस रुपयांहूनही कमी. या जनावरांत केवळ गाडीचे बैल नव्हते. राजाच्या पागेतील घोडे होते, उंट होते आणि हत्ती होते. चांगल्या हत्तीची किंमत त्या काळीही शेकड्यांनी आणि हजारांनी मोजीत असत.

विक्री सुरू झाल्यावर राण्यांनी कमिशनरकडे निषेध नोंदविला आणि गव्हर्नर जनरलकडे अर्ज पाठविला. तो अर्ज इंग्रजीत होता आणि ते इंग्रजी वाड्यात जसे मिळाले तसे, मोडकेतोडके होते. के यांसही त्यावर एक चिमटा काढल्यावाचून राहवले नाही. परंतु त्या अर्जातील एक वाक्य कोणत्याही भाषेत कोणासही समजावे असे होते. गाडीच्या बैलांची एक जोडी, किंमत शंभर रुपये, या लिलावात पाच रुपयांस गेली, असे त्यात लिहिले होते. राणीवशाने तक्रारीसाठी हत्तीचे उदाहरण घेतले नाही. हत्तीची किंमत सामान्य माणसास ठाऊक नसते. बैलजोडीची किंमत मात्र वैनगंगेकाठच्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक होती. शंभराची जोडी पाचास गेली, एवढे सांगितले की पुढे काही सांगावे लागत नाही.

जनावरे इतक्या कमी किमतीस का गेली असावीत? लिलावाची रीत ज्यास ठाऊक आहे, त्यास याची कारणे शोधावी लागत नाहीत. पाहिले कारण म्हणजे माल एकाच वेळी फार आला. शेकडो जनावरे एका ठिकाणी, थोड्या दिवसांत विकावयास काढली, तर तितके घेणारे एका गावी मिळणे कठीण. भाव आपोआप पडतो. जुनी मोटार छपरीखाली वर्षभर पडून राहिली, तरी काही खात नाही. जनावराचे तसे नसते. मोठ्या हत्तीस दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. घोड्यास दाणा लागतो, मोतद्दार लागतो. विक्री जितके दिवस लांबेल, तितका खर्च विकणाऱ्याच्या अंगावर पडतो, आणि ही गोष्ट भोवती उभ्या असलेल्या व्यापाऱ्यास नेमकी कळते. तो थांबतो, कमी बोलतो. राखीव किमतीचा बांध असता, तर पाच रुपयांचा सवाल टिकलाच नसता. शिवाय ज्या सरदारांस व मानकऱ्यांस हत्ती-घोडे घेण्याची ऐपत होती, त्यांतील कितीकांस काल ज्या दारी मुजरा केला, त्या दारचे जनावर बोलीत घेणे प्रशस्त वाटले असेल? उरले ते गुरांचे दलाल. त्यांच्या दृष्टीने तो दिवस पर्वणीचा होता.

जनावरांनंतर वाड्यातील सामानाची पाळी आली. तेव्हा बांकाबाई उभ्या राहिल्या. या वेळी त्या वृद्ध झाल्या होत्या. पती, सावत्र मुलगा, अप्पासाहेबांचे बंड, इंग्रजांचा अंमल, तिसऱ्या रघुजींचे बालपण आणि मृत्यू, हे सारे त्यांनी या वाड्यात राहून पाहिले होते. त्यांच्या शहाणपणाविषयी व संयमाविषयी इंग्रज अधिकाऱ्यांसही आदर होता. अशा बाईंनी, सामान हलविले तर वाड्यास आग लावीन, अशी धमकी दिली. राज्य गेले तेव्हा त्या असे बोलल्याची नोंद नाही. घरातील वस्तूंस हात लागला, तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. ज्यांच्या घरची भांडी जप्तीत दारापुढे मांडली गेली असतील, त्यांस या रागाचे आश्चर्य वाटणार नाही.

बांकाबाईंनी वाड्यास आग लावली नाही. सामान हलविण्यात आले. काही दागिने राणीवशाकडे ठेवून बाकीचे जवाहीर कलकत्त्यास पाठविले गेले. तेथे हॅमिल्टन आणि कंपनी या नामांकित जवाहिऱ्यांच्या पेढीमार्फत त्याची विक्री झाली. नागपूरच्या जामदारखान्यातील हिरे-मोती अशा रीतीने ज्यास परवडतील त्याच्या घरी गेले. संग्रह मोडतो तो असा. एकेक नग राहतो, पण तो कोणत्या घराचा, कोणत्या प्रसंगाचा, हे सांगणारी ओळ तुटते. जुन्या मोटारींच्या लिलावात छापील यादीला इतके महत्त्व का देतात, हे येथे ध्यानात येईल.

या विक्रीचा परिणाम काय झाला? के यांनी याविषयी जे लिहिले आहे, ते विचार करण्यासारखे आहे. राज्य खालसा केल्यामुळे लोकांच्या मनावर जितका वाईट परिणाम झाला, त्याहून अधिक वाईट परिणाम या जप्त्यांमुळे व लिलावांमुळे नागपूर प्रांतात आणि आसपासच्या मुलखात झाला, असे त्यांच्या कानी आले होते. राज्ये येतात आणि जातात, हे लोकांनी पूर्वीही पाहिले होते. मोगल गेले, गोंड राजे गेले, भोसले आले. परंतु राजघराण्यातील विधवांच्या वस्तू भर बाजारात पुकारून विकणे ही नवी गोष्ट होती. खेड्यापाड्यांतील माणसास डलहौसींचे टिपण वाचावयास मिळाले नव्हते. पाच रुपयांच्या बैलजोडीची गोष्ट समजण्यास मात्र वाचता येण्याची गरज नव्हती.

तीन वर्षांनी उत्तर हिंदुस्थानात उठाव झाला. त्या वेळी नागपूर प्रांतातील लोक बांकाबाईंच्या शब्दाकडे पाहत होते. ज्यांच्या घरातील सामान सरकारने हलविले होते, त्या बांकाबाईंनी आपले वजन उठावाच्या विरुद्ध टाकले. त्यांनी असे का केले, याविषयी मतभेद आहेत. पुढील वर्षी त्या वारल्या. डलहौसी स्वदेशी परतले होते. सरकारचे धोरणही बदलले होते. लॉर्ड कॅनिंग यांनी जानोजींचे दत्तकविधान मान्य केले आणि त्यांस सातारा जिल्ह्यातील देऊरची इनामे व 'राजेबहादूर' हा किताब दिला. राज्य परत मिळाले नाही, विकलेला मालही परत आला नाही. नागपुरातील तो जुना राजवाडाही फार दिवस उभा राहिला नाही. १८६४ साली त्यास आग लागली आणि तो जळून गेला.

भोसल्यांच्या वस्तूंपैकी एक वस्तू मात्र अगदी अलीकडे लिलावाच्याच वाटेने महाराष्ट्रात आली आहे. २०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडन येथील सदबीज या लिलावगृहाच्या यादीत एक तलवार आली. तिचे पाते युरोपीय बनावटीचे, म्हणजे मराठ्यांच्या भाषेत ती 'फिरंग'. पात्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरी अक्षरांत पहिल्या रघुजी भोसल्यांचे नाव व त्यांचा 'सेनासाहेब सुभा' हा किताब कोरलेला आहे. ही तलवार सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती लागली असावी, असा जाणकारांचा तर्क आहे. लिलावाची वार्ता समजताच महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावली. २९ एप्रिल रोजी तलवार शासनास मिळाली. आणण्याच्या खर्चासह तिच्यापायी ४७ लाख १५ हजार रुपये पडले. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत पोहोचली.

तेरा हजार रुपये आणि सत्तेचाळीस लाख रुपये यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. मधल्या काळात रुपयाचे मोल फार पालटले आहे. तथापि एक गोष्ट ध्यानात येते. १८५४ साली सरकार विकणारे होते आणि त्यास माल लवकर हातावेगळा करावयाचा होता. २०२५ साली सरकार घेणारे होते आणि त्यास ती वस्तू काहीही करून हवी होती. तलवारीवर नाव कोरलेले होते, म्हणून ती ओळखता आली. दोनशे वर्षांनी दूरच्या देशातील यादीत तिचे नाव वाचून तिच्या गावची माणसे जागी झाली.

बैलांच्या अंगावर नाव कोरलेले नसते. शंभराची ती जोडी ज्याने पाच रुपयांस नेली, त्याने दुसऱ्या दिवशी तिला गाडीस जुंपले असेल. सप्टेंबर महिन्यात धान पोटरीवर आलेले असते, सुगी फार दूर नसते, आणि नागपूरच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांस त्या काळी बैल हवेच असत.